न बोलणारे मूल सांगते काय?

घरची शुश्रूषा

या सदरातून आजवर ज्वर, गोवर, कावीळ, शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती अशा अनेक प्रसंगांतील शुश्रूषेचा विचार झाला. या साऱ्या दुखण्यांत एक गोष्ट समान असते. त्यांना चढ असतो, तसा उतारही असतो. परिचर्या करणाऱ्या आईला किंवा आजीला ठाऊक असते की आठ दिवस, पंधरा दिवस, फार तर दोन महिने जागायचे आहे. नंतर मूल उठून खेळू लागणार आहे. आजच्या विषयात हा हिशेब चालत नाही. ज्या मुलांच्या बुद्धीच्या वाढीत, बोलण्यात अथवा वर्तनात लहानपणापासूनच वेगळेपण असते, त्यांची शुश्रूषा वर्षानुवर्षे करावी लागते आणि तिचे यश ताप उतरावा तसे एका सकाळी दिसत नाही. म्हणूनच ती अंदाजाने न करता शिकून करावी लागते.

अशा मुलांना घरोघरी नावे मिळतात : हट्टी, व्रात्य, घुमा, मंद. वैद्यकशास्त्रातील नावे याहून नेमकी आहेत. जे मूल नजरेला नजर देत नाही, हाकेला ओ देत नाही, एकच खेळ तासन्‌तास खेळते आणि ठरलेला क्रम बदलला की कासावीस होते, त्याच्या ठिकाणी स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असण्याचा संभव असतो. ज्याला एका जागी क्षणभर बसवत नाही, हाती घेतलेले काम पुरे होत नाही आणि विचार येण्याआधीच कृती घडून जाते, त्याच्या ठिकाणी अवधानाचा अभाव व अतिचंचलता असते. चालणे, बोलणे, समजणे हे सारेच वयाच्या मानाने फार मागे राहिले असेल तर ती बौद्धिक अक्षमता. मेंदूला जन्माच्या आगेमागे झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसेल तर तो सेरेब्रल पाल्सीचा विकार. यांपैकी दोन गोष्टी एकाच मुलात असू शकतात. निदान हे तज्ज्ञांचे काम. ते शेजारणीच्या अनुभवावरून अथवा या लेखावरून करू नये. मात्र निदान काहीही झाले तरी घरातील शुश्रूषेचे पहिले सूत्र सर्वांना सारखेच लागू पडते आणि आज मुख्यतः तेच सांगावयाचे आहे : मुलाचे वागणे थोपवण्यापूर्वी ते वाचावयास शिकावे. ज्याला शब्द सापडत नाहीत, ते मूल वागण्यातून बोलत असते.

या सूत्राकडे वळण्याआधी एक ओझे खाली ठेवले पाहिजे. असे मूल घरात असले की पहिला आरोप आईवर येतो. तिने नोकरी केली म्हणून, गरोदरपणी ग्रहण पाहिले म्हणून, फार लाड केले म्हणून किंवा पुरेसे लाड केले नाहीत म्हणून. हा दोष केवळ आपल्या समाजाचा आहे असे मानू नये. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे तिकडील मोठमोठ्या विद्वानांनीही आईच्या थंड वागणुकीमुळे मूल असे होते, असाच सिद्धान्त मांडला. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांचे १९६७ सालचे पुस्तक या मताचा मोठा आधार ठरले. याच्या तीन वर्षे आधी, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी हा विकार मज्जासंस्थेच्या घडणीतील आहे, असे साधार प्रतिपादन केले होते. रिमलंड हे स्वतः अशा एका मुलाचे वडील होते. एरिक शॉप्लर यांनी १९७१ साली स्पष्टच लिहिले की आईबापांना बळीचा बकरा केले जात आहे. पुढे १९७२ पासून नॉर्थ कॅरोलायना राज्यात त्यांनी जी उपचारपद्धती रुजवली, तिच्यात आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून उपचारकांच्या शेजारी बसवले. आज या विषयातील जाणकारांत याबाबत मतभेद उरलेला नाही. आनुवंशिक घटक आणि मेंदूची घडण यांतून हे वेगळेपण येते. आईच्या प्रेमाच्या कमी-अधिकपणातून येत नाही. अतिचंचल मुलांबद्दलही हेच म्हणता येईल. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते आणि हा वाईट संगोपनाचा परिणाम नसावा असे सुचवले होते. तेव्हा सासूबाईंनी सुनेला आणि सुनेने स्वतःला दोष देणे आधी थांबवावे. अपराधी मनाने केलेली शुश्रूषा फार दिवस टिकत नाही.

आता मूळ सूत्राकडे येऊ. एक उदाहरण कल्पून पाहू. सात वर्षांचा मुलगा आहे, बोलत नाही. गेले आठ दिवस तो जेवणाच्या वेळी ताट भिरकावतो आणि स्वतःच्या गालावर चापट्या मारतो. घरच्यांचे म्हणणे, हट्ट वाढला. वडील रागावतात, आजी भरवते, आई रडते. अशा वेळी आईने काय करावे? एक साधी वही घ्यावी आणि पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात लिहावे, प्रकार घडण्याच्या आधी काय चालले होते. दुसऱ्यात, मुलाने नेमके काय केले. तिसऱ्यात, त्यानंतर घरातल्यांनी काय केले. वेळ, जागा आणि जवळपासची माणसे यांचीही नोंद असावी. 'खूप त्रास दिला' असे लिहू नये. 'भाकरीचा तुकडा तोंडात घेताच डाव्या गालावर चार वेळा मारले' असे लिहावे. चार दिवसांत वही बोलू लागते. या मुलाच्या वहीत असे दिसते की दूधभात, साबुदाण्याची खीर, मुगाचे मऊ वरण तो निमूट खातो. भाकरी आणि चिवडा पाहिला की बिथरतो. आणि मारतो ते नेहमी डाव्याच गालावर. आता हा हट्ट राहिला नाही. डाव्या बाजूची दाढ किडली आहे का, हे दंतवैद्याला दाखवण्याचे काम आहे.

दुसरे उदाहरण पाहा. एक मुलगी काही दिवशी सकाळी कान झाकून किंचाळत धावत सुटते आणि न्याहरी करीत नाही. काही दिवशी मात्र शांतपणे खाते. तिला पोहे आवडत नाहीत, असा घरच्यांचा समज. वही सांगते की हे केवळ चटणी वाटण्याच्या दिवशीच घडते. तिला पोह्यांचा राग नाही. मिक्सरचा आवाज तिला सोसत नाही. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांची जाणीव आपल्याहून तीव्र असते, तर काहींना ती फारच कमी असते. कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची घरघर, नव्या कपड्याची मानेला टोचणारी चिठ्ठी, तेल चोळतानाचा स्पर्श यांपैकी काहीही असह्य असू शकते. चटणी आदल्या रात्री वाटून ठेवली की उपचार झाला. इंदूरला रंगपंचमीची गेर निघते, बडोद्याला नवरात्रात नऊ रात्री ध्वनिक्षेपक चालू असतात, बेळगाव आणि हैदराबाद येथे गणपती विसर्जनाला ढोल घुमतात. अशा दिवसांची तयारी आधीच करावी. मुलाला मागच्या खोलीत, खिडक्या लावून, त्याच्या आवडीच्या खेळासह बसवावे. शक्य असल्यास कान झाकणारी साधने द्यावीत. 'सवय होईल' म्हणून गर्दीत नेऊ नये.

न बोलणाऱ्या मुलाचे वागणे एकाएकी बिघडले, तर पहिली शंका शरीराच्या दुखण्याची घ्यावी. हे वाक्य घरातील प्रत्येकाने पाठ करावे, कारण चूक होते ती येथेच. कान फुटणे, दाढ किडणे, घसा सुजणे, लघवीला आग होणे, जंत होणे, पोट साफ नसणे या नित्याच्या गोष्टी. बोलके मूल त्या सांगते. हे मूल डोके आपटून सांगते. या मुलांमध्ये बद्धकोष्ठ बरेच आढळते, कारण अनेकांचे खाणे चार-पाच पदार्थांपुरतेच असते. मुलगी वयात आली असेल तर महिन्याच्या त्या दिवसांतील पोटदुखीचाही विचार करावा. फेपरे येण्याचे प्रमाणही या मुलांत इतरांपेक्षा अधिक असते. मूल मध्येच काही क्षण शून्यात पाहते, ओठ चाटते, हातातील वस्तू सोडते आणि त्या वेळी हाकेने भानावर येत नाही, असे वारंवार दिसल्यास डॉक्टरांना सांगावे. मोठे फेपरे आले तर मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नये. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फेपरे थांबले नाही तर वाहन काढून रुग्णालय गाठावे. फेपऱ्याचे औषध मनानेच बंद करणे तर अत्यंत धोक्याचे आहे.

शरीराचे कारण नाही असे ठरल्यावर वहीतून दुसरा अर्थ शोधावा. मुलाच्या त्रासदायक वागण्यामागे बहुधा चारांपैकी एक हेतू असतो. काहीतरी हवे असते; काहीतरी टाळायचे असते; कुणीतरी आपल्याकडे पाहावे असे वाटते; किंवा त्या हालचालीनेच जिवाला बरे वाटते. यातील कोणता हेतू आहे, हे तिसऱ्या रकान्यावरून कळते. किंचाळल्यावर दर वेळी बिस्किट मिळत असेल, तर किंचाळणे म्हणजे बिस्किट मागण्याचा शब्द आहे, असे आपणच त्याला शिकवले असे होते. धपाटा घातल्याने हा शब्द पुसला जात नाही. त्याच्या जागी दुसरा शब्द द्यावा लागतो. बिस्किटाच्या डब्याचे चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून ते आईच्या हाती देण्यास शिकवावे आणि चित्र हाती येताच, क्षणाचाही विलंब न करता, बिस्किट द्यावे. अभ्यास टाळण्यासाठी वही फाडणाऱ्या मुलाला 'पुरे' अशी हाताची खूण शिकवावी आणि खूण केल्यावर खरोखरच दोन मिनिटे सुटका द्यावी. चित्रे देऊन संवाद साधण्याची एक पद्धती १९८५ साली अमेरिकेतील डेलावेअर येथे अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी विकसित केली. तिचा उपयोग आता आपल्याकडील अनेक उपचारकेंद्रांतही होतो. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, अशी भीती अनेक आयांना वाटते. ती अनाठायी आहे. चित्रे वापरल्याने बोलणे मागे पडत नाही, हे आता अनुभवाने व अभ्यासाने पटलेले आहे.

तरीही उद्रेकाचे प्रसंग येणारच. त्या वेळी उपदेश करू नये. मूल तो ऐकण्याच्या अवस्थेत नसते. बोलणे कमी करावे, माणसे कमी करावीत, टोकदार व फुटणाऱ्या वस्तू दूर कराव्यात, डोके आपटत असेल तर मध्ये उशी धरावी. बांधून ठेवणे, अंधाऱ्या खोलीत कोंडणे, डागणे हे उपचार नव्हेत; ही क्रूरता आहे. वादळ शमल्यावर पाणी द्यावे, शांत बसू द्यावे आणि मग वही उघडावी.

दिनक्रमाबद्दल थोडक्यात सांगते. उठणे, शौच, आंघोळ, न्याहरी, शाळा, खेळ, जेवण, झोप यांची चित्रे एका पट्टीवर ओळीने लावावीत व झालेले चित्र काढून ठेवावे. पुढे काय होणार हे कळले की भीती कमी होते. पाहुणे येणार असतील, प्रवास असेल, तर ते चित्र सकाळीच पट्टीवर लावावे. शौचाची सवय लावताना जेवणानंतर वीस मिनिटांनी बसवावे, पायांना आधार द्यावा, पाच मिनिटांहून अधिक अडवून ठेवू नये. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवे ठेवून कधीही भरवू नये. पाठ व मान सरळ ठेवून, घट्टसर पदार्थ लहान चमच्याने द्यावेत, एरवी घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचे भय असते. औषधे चालू असतील तर त्यांचे परिणाम ठाऊक असावेत. चंचलतेवरील मेथिलफेनिडेटने भूक मंदावते व झोप उडू शकते. म्हणून ते सकाळच्या न्याहरीबरोबर देण्याचा प्रघात आहे आणि उंची-वजनाची नोंद ठेवावी लागते. रिस्पेरिडोनने उलट भूक व वजन वाढते. हे सारे बदल वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत.

आता एक असा मुद्दा, जो महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना विशेष लागू आहे. आपल्या घरात मराठी, दारात हिंदी, गुजराती, कानडी किंवा तेलुगू आणि शाळेत बहुधा इंग्रजी असते. मूल बोलत नाही असे दिसताच कुणीतरी सल्ला देतो : 'घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही.' सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि आईवडील तो मुकाट्याने पाळतात. परिणाम काय होतो? आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून ती नातवाशी बोलेनाशी होते. आई मोजकी, अडखळती वाक्ये बोलते. अंगाई थांबते. आधीच ज्याच्याशी संवाद कठीण, त्या मुलाच्या कानावर पडणारे शब्द आणखी निम्मे होतात.

या सल्ल्याला शास्त्राचा आधार नाही. कॅनडात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका भाषेच्या व दोन भाषांच्या घरांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची तुलना करण्यात आली. दोन भाषांमुळे बोलणे अधिक मागे पडल्याचे तिच्यात आढळले नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांविषयी २००५ साली झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता. तेव्हा ज्या भाषेत आपण लाडाने बोलू शकतो, रागावू शकतो, गाऊ शकतो, ती भाषा घरात निःशंकपणे चालू ठेवावी. वाक्ये लहान असावीत, एका वेळी एकच सूचना असावी आणि तीच गोष्ट रोज त्याच शब्दांत सांगावी, एवढे पथ्य पुरे.

भाषेचा हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो मूल रुग्णालयात दाखल झाल्यावर. कल्पना करा, मूल शस्त्रक्रियेसाठी हैदराबादच्या वा बडोद्याच्या एखाद्या रुग्णालयात आहे. रात्रपाळीची परिचारिका दयाळू आहे, पण तिची भाषा तेलुगू किंवा गुजराती. मूल सारखे 'भुर्र' म्हणते. आपल्या घरात त्याचा अर्थ 'मला येथून बाहेर ने'. तिला तो निरर्थक आवाज वाटतो. 'बाऊ' म्हणजे दुखते, 'मम्मम' म्हणजे भूक, 'गाई' म्हणजे झोप, 'हाय' म्हणजे गरम, हे तिला कोण सांगणार? काही स्वमग्न मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणतात. आई रोज 'तुला पाणी हवंय?' असे विचारते, म्हणून तहान लागली की मूल 'तुला पाणी हवंय?' असेच म्हणते. 'मी' आणि 'तू' यांची ही अदलाबदल कॅनर यांनी १९४३ सालीच नोंदवली होती. परिचारिकेला वाटते, मूल तिलाच पाणी विचारते आहे. ती हसून नको म्हणते, आणि मूल तहानलेलेच राहते. थोड्या वेळाने ते किंचाळू लागते आणि केसपेपरवर 'आक्रमक' असा शब्द पडतो.

हे टाळणे आपल्या हाती आहे. रुग्णालयात जाण्यापूर्वी एका जाड कागदावर मुलाची ओळख लिहावी. ती स्थानिक भाषेत व इंग्रजीत असावी. वर घरातील हाक मारण्याचे नाव लिहावे. त्याखाली मुलाचे दहा-वीस शब्द, खुणा व त्यांचे अर्थ. मग पुढील गोष्टी : दुखत असल्यास हे मूल काय करते, कोणत्या स्पर्शाला, आवाजाला घाबरते, औषध कशातून घेते, पाण्यातून की मधातून, काय खाते, काय दिले असता शांत होते, फेपरे येते का, कोणत्या औषधाची बाधा होते. हा कागद खाटेच्या पायथ्याशी लावण्याची विनंती मुख्य परिचारिकेला करावी. सुई टोचण्यापूर्वी ती कशी टोचणार हे बाहुलीवर दाखवावे, शक्य तर पहिला क्रमांक मिळवावा म्हणजे वाट पाहावी लागत नाही, आणि घरची चादर व रोजचा पेला बरोबर न्यावा. जी परिचारिका हा कागद वाचून 'बाऊ कुठे?' असे मराठीत विचारील, तिच्याकडे मूल पाहील, याची खात्री बाळगावी.

असाच एक लहान कागद मुलाच्या खिशात रोज असावा. पुष्कळ मुले डोळा चुकवून घराबाहेर पडतात आणि काहींना पाण्याची विलक्षण ओढ असते. विहीर, टाकी, गच्ची आणि फाटक यांचा बंदोबस्त करावा. खिशातील कागदावर नाव, दूरध्वनी व 'हे मूल बोलत नाही' एवढे वाक्य गावच्या लिपीत लिहावे. बेळगावात कानडीत, बडोद्यात गुजरातीत. रस्त्यावरच्या दुकानदाराला ते वाचता आले पाहिजे.

उपचारांच्या नावाखाली फसवणूकही पुष्कळ चालते. स्तंभपेशींच्या सुया देऊन स्वमग्नता बरी करतो, असे सांगून लाखो रुपये घेतले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा वापर नियमबद्ध संशोधनाबाहेर करणे योग्य नाही. लसीमुळे हा विकार होतो, ही आवई १९९८ सालच्या ज्या लेखातून उठली, तो लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तेव्हा लसी चुकवू नयेत आणि घरातले दागिने मोडू नयेत. खरा लाभ होतो तो लवकर सुरू केलेल्या व रोज केलेल्या शिक्षणाचा. दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द गमावत असेल, तर 'याचे वडीलही उशिराच बोलले' म्हणून थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत आणि मग बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

शासकीय सोयी आपल्याला ठाऊक नसतात, म्हणून त्याही सांगते. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची विनामूल्य तपासणी होते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र उपचारकेंद्रे उघडण्याची तरतूद आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. सिकंदराबाद येथे १९८४ पासून बौद्धिक अक्षमतेसाठी राष्ट्रीय संस्था आहे. स्वमग्नता मोजण्याचे भारतीय मापन तिनेच तयार केले. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेला स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारांत ती, अध्ययन अक्षमता व बौद्धिक अक्षमता यांचा समावेश झाला. ज्याचे अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक प्रमाणित झाले आहे, त्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविमा योजना एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे पालकत्व कायद्याने आपोआप संपते; म्हणून त्याच न्यासाच्या जिल्हा समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. हे काम 'पुढे पाहू' म्हणून टाळू नये.

शेवटी शुश्रूषा करणारीची शुश्रूषा. अशा घरातील आई हळदीकुंकवाला जाईनाशी होते, लग्नकार्य टाळते, कारण चारचौघींच्या नजरा तिला सोसत नाहीत. मोठ्या कुटुंबात राहण्याचा काही लाभ असेल तर तो येथे दिसावा. आठवड्यातून एक संध्याकाळ काकूने किंवा आत्याने मुलाजवळ बसावे आणि आईने घराबाहेर पडावे. त्यासाठी वही दोघी-तिघींनी वाचलेली असावी, म्हणजे आईच्या मागे मुलाची भाषा समजणारे कुणी घरात असते. वडिलांनी आठवड्याचे दोन दिवस नोंदी स्वतः कराव्यात. भावंडांना मुलाच्या विकाराचे नाव स्पष्ट सांगावे. लपवून ठेवले तर ती लाजणे शिकतात. 'आमच्यानंतर याचे कसे?' हा प्रश्न प्रत्येक आईबापाला रात्री छळतो. त्याचे पूर्ण उत्तर कुणाजवळच नाही. तथापि ज्या मुलाची भाषा त्याच्या आईखेरीज आणखी चार माणसांना कळते आणि ती कागदावर लिहून ठेवलेली असते, ते मूल उद्या तितके एकटे पडणार नाही, एवढे निश्चित म्हणता येईल. त्या वहीला फार तर वीस रुपये पडतात. ती उद्याच आणावी.

पुढील अंकी : अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या पाठीची काळजी.